नवऱ्याचा रकाना

मिश्री घरीच होते. तंबाखूची पानं तव्यावर टाकायची, धूर निघून काळी ठिक्कर पडली की खाली उतरवायची, चुरायची, वस्त्रगाळ करून पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी दातांना लावायला म्हणून सुरू झालेली ही भुकटी दुपारपर्यंत तीनदा हिरडीवर फिरते. आमच्या परांडा-भूम-बार्शी पट्ट्यात सासूनं सुनेला दिलेली ही पहिली चैन. जात्यावर बसलेल्या बाईला हक्कानं पाच मिनिटं टेकू देणारी दुसरी कुठली गोष्ट होती?

नर्स म्हणून या भागात नोकरी करताना पाहणीचे फॉर्म मी पुष्कळ भरले. त्यात मिश्रीला रकाना होता. लग्न कितव्या वर्षी, बाळंतपणं किती, पाळीला काय घेता, अंघोळ रोज का दिवसाआड, यांनाही होता. टँकरची वाट बघणाऱ्या गावात अंघोळीचं विचारताना मलाच ओशाळल्यासारखं होई. नवऱ्याचं मात्र नाव आणि धंदा एवढंच. एक म्हातारी म्हणाली होती, "समदं मलाच इचारताय, मालकाला काय इचारायचं न्हाई व्हय?" तेव्हा मी हसले. पण तिचा प्रश्न गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अख्ख्या इतिहासाला लागू पडतो.

या आजाराचं मूळ बाईच्या सवयींत शोधण्याची रीत जुनी आहे. १८४२ साली इटलीतल्या व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरनं मृत्यूच्या नोंदी चाळल्या. गर्भाशयाच्या कॅन्सरनं लग्न झालेल्या बायका मरत होत्या, मठातल्या जोगिणी जवळपास नाहीच. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर जास्त. मुंबईत १९६३ साली कॅन्सरची नोंदणी सुरू झाली, तिच्यातही असंच काहीसं दिसलं. उशिरा लग्न करणाऱ्या, मोजकी मुलं असणाऱ्या पारशी बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर कमी, स्तनाचा जास्त.

कारणं मात्र प्रत्येकानं आपापल्या नजरेनं लावली. कोणी म्हणालं अस्वच्छता, कोणी म्हणालं लवकरचं लग्न, कोणी म्हणालं बाळंतपणातल्या जखमा. ज्यू आणि मुसलमान बायकांत हा आजार कमी आढळला तेव्हा सुंतेकडे बोट गेलं. म्हणजे पुरुष चर्चेत आला खरा, पण त्याच्या कातडीपुरता. तो कुठे जातो-येतो, हा विषय बराच काळ निघाला नाही.

१९८३ साली जर्मनीत हाराल्ड झुर हाउझन यांच्या प्रयोगशाळेनं या कॅन्सरच्या गाठींत एचपीव्ही या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून येत नाही, अंघोळ चुकली म्हणूनही येत नाही. ते फडकं गोठ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, उन्हाला न दिसेल असं वाळत घालावं लागे, त्यानं खाज आणि अंगावरून पांढरं जाणं होई, ते वेगळं. कॅन्सरशी त्याची सांगड घातली गेली कारण ज्या घरात फडकं असं वाळे त्याच घरात सोळाव्या वर्षी लग्न, पाच बाळंतपणं आणि दवाखाना वीस कोसांवर होता. तंबाखूचं जरा निराळं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हा कॅन्सर वाढतो, हे सिद्ध आहे. तंबाखू विषाणू आणत नाही. बहुतेक बायकांच्या अंगातून जो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, त्याला मुक्काम करायला मदत करते. खूप बाळंतपणांचंही तसंच. म्हणून मिश्री सोडा असं मी सांगायचे आणि अजून सांगते, तोंडाच्या कॅन्सरसाठी तर नक्कीच.

१९९३ साली भारतीय संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. जन्मात एकच पुरुष माहीत असलेल्या बायका घेतल्या आणि त्यांच्या नवऱ्यांना विचारलं. ज्यांचे नवरे लग्नाआधी किंवा लग्नाबाहेर इतरत्र गेले होते, त्या बायकांना धोका कितीतरी पट अधिक निघाला. व्हेरोनाच्या नोंदींना दीडशे वर्षं होऊन गेली होती.

आमच्या भागाचं नाव मात्र दुसऱ्या कारणानं जगभर गेलं. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यात नोंद आपणहून कोण देणार? म्हणून माणसं गावोगाव फिरली, पारावर बसून लक्षणं सांगितली, आणि बायका आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. मग १९९९पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पेशी तपासणारी पॅप चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला नेहमीचीच सेवा. २००९ साली निकाल आला: एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. बाकी दोन तपासण्यांनी म्हणावा तसा फरक पडला नाही. कुणाची एकही सवय न बदलता, एका चाचणीनं मृत्यू निम्म्यावर आले. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावरून पुढे टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. त्या ६४ जणी कुठल्याशा तक्त्यातल्या नव्हत्या, आमच्याच गावच्या होत्या.

निकाल आमच्या मातीतला, पण २०१६च्या सरकारी सूचनांत व्हिनेगरचीच तपासणी आली, तीही दर पाच वर्षांनी. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे कधीतरी तपासणी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. पलीकडच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना कॅन्सरची भीती घालून गर्भपिशव्या काढल्या जात होत्या, ते याच काळात उघड झालं. पुण्यात तयार झालेल्या एचपीव्हीच्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली, ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे अशा दोघांसाठी. मुलग्याला ही लस टोचून घ्यायला घेऊन आलेली आई मला अजून भेटायची आहे. बाप तर दूरच.