थोरियम: क्ष-किरण चित्रात आणि प्रसाधनाच्या डबीत

१/ १९३० च्या दशकात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य एकाच वेळी रुग्णालयात आणि प्रसाधनांत अवतरले. दोन्हीकडे त्याचे स्वागतच झाले.

२/ थोरियम डायऑक्साइडयुक्त ‘थोरोट्रास्ट’ रक्तवाहिनीत टोचले जाई. थोरियम क्ष-किरण अडवते, त्यामुळे चित्रात रक्तवाहिन्या ठळक उमटत. रुग्णाला तत्काळ त्रास क्वचितच होई. म्हणून ते निर्धोक मानले गेले.

३/ त्याच काळी फ्रान्समध्ये ‘थो-राडिया’ क्रीम विकले जाई. त्यात थोरियम क्लोराइड व रेडियम ब्रोमाइड असे. सूत्रावर डॉ. आल्फ्रेड क्युरी यांचे नाव होते. मेरी क्युरींशी त्यांचे नाते मात्र नव्हते.

४/ १९३७ मध्ये फ्रान्समधील नियम कडक झाले आणि क्रीममधून हे घटक गेले. थोरोट्रास्ट मात्र १९५० च्या दशकापर्यंत टिकले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९३२ मध्येच धोक्याचा इशारा दिला होता.

५/ थोरियम यकृत व प्लीहेत साठून आयुष्यभर अल्फा किरण सोडत राहिले. यकृताचे कर्करोग कैक वर्षांनी प्रकट झाले. पदार्थ रुग्णालयात चालतो, एवढ्यावरून तो त्वचेस योग्य ठरत नाही. तो शरीरात किती काळ राहतो, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.