घरच्या घरी विणलेली खुर्ची: बाज पुन्हा ताणता येते, खुर्ची का नाही?

गोंदिया शहराजवळचं नागरा म्हटलं की आधी तिथलं जुनं शिवमंदिर आठवतं. पण आज विषय अंगणातल्या बाजेचा आहे. कारण घरी लाकडी खुर्ची बनवून तिची बैठक विणायची असेल, तर पहिला धडा बाजेकडेच मिळतो.

बाज सैल झाली की आपण पायाकडची दोरी ओढतो, झोळ गेला! विणलेला भाग आणि पायाकडचा दांडा यांच्यात मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, ती याचसाठी. खुर्चीला अशी जागाच नसते. चारही दांड्यांवर वीण गच्च बसते, आणि नंतर सैल झाली तर उसवून पुन्हा विणावं लागतं. म्हणून खुर्चीत सगळं पहिल्याच वेळी नीट जमवायचं असतं.

सांगाड्यापासून सुरुवात करू. पाय दीड इंच जाड घेतले, तर आडव्या दांड्याचं टोक पाच सूत जाडीचं (आठ सूत म्हणजे एक इंच) आणि साधारण इंचभर आत जाणारं हवं. खरी गंमत ओलाव्यात आहे. आडवे दांडे पूर्ण वाळलेले आणि पाय किंचित ओलसर असावेत. पाय वाळताना आकसतो आणि दांड्याला धरून बसतो. उलट केलं, तर विदर्भातल्या पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात दांडाच आकसेल आणि खुर्ची कुरकुरायला लागेल. आडव्या दांड्यांसाठी जुन्या चौकटीचं किंवा मोडक्या पलंगाचं लाकूड उत्तम, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं.

जिल्ह्यात नवेगाव-नागझिरासारखं जंगल आहे म्हणून तिथून सागाचं लाकूड उचलून आणायचं नाही, मग ते पडलेलं का असेना. सागाचं झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो. विकत घेतलंत तर पावती जपून ठेवा.

आता वीण. पहिल्यांदा करताय? नवार घ्या. सोळा इंची चौरस बैठकीला दोन इंची नवार साधारण पंधरा मीटर लागते. आधी पुढून मागे आठ वेढे, मग आडवी पट्टी एक वर, एक खाली. टोकं दांड्याच्या खालच्या बाजूला चुकांनी ठोका. सुतळी स्वस्त आणि दिसायला झकास, पण वापरून ताणते, त्यामुळे प्रत्येक वेढा ओढून बसवावा लागतो. नायलॉनची पट्टी पाण्याला भीत नाही, मात्र अंगणातल्या उन्हात काही वर्षांत कडक होऊन तुटते.

वेताचं काम वेगळं. वेत भिजवून विणतात आणि वाळताना तो स्वतःच ताणला जातो. चंदीगडसाठी १९५०च्या दशकात पिएर जानरे यांच्या देखरेखीत बनलेल्या सागवानी खुर्च्यांची बैठक अशीच वेताची होती. सरकारी कचेऱ्यांतून भंगारात गेलेल्या त्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत लाखोंना जातात. मात्र वेतासाठी चौकटीला ओळीने भोकं पाडावी लागतात आणि वीण उभी, आडवी, मग तिरपी अशी थरांनी चढते. पहिल्या खुर्चीला हा हट्ट नको.

शेवटचं एक. नवार दमानं ओढा, पण अति नको. वीण चारही दांड्यांना आत खेचते. बारीक दांडा मधोमध वाकायला लागला, तर समजा ताण जास्त झालाय. तिथेच थांबा आणि दोन वेढे सैल करा.