दहा वर्षांची तयारी, दहा तासांचा किनारा

माझं फील्डवर्क घड्याळावर चालत नाही, ओहोटीवर चालतं. रत्नागिरीकडच्या खडपांवर वाढणाऱ्या शैवालांवर मी काम करते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप मागे जातं आणि एरवी बुडालेला पट्टा दोन-अडीच तास उघडा पडतो. मग पाणी परत येतं, ते कोणाचीही वाट बघत नाही. पहिल्या फील्डला मी त्यातली चाळीस मिनिटं 'चांगली जागा' शोधण्यात आणि फोटो काढण्यात घालवली. ठरवलेल्या दहा क्वाड्रॅटपैकी चार झाले. पुढचं उधाण यायला पंधरा दिवस.

त्या रात्री गाईडना फोन केला. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "श्टेलर वाच." वाचला. आजची पोस्ट त्याच्यावरच आहे.

क्रूझवर गेलेल्या कोणाशी बोललात तर हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत भेटेल. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या आठ-दहा तासांत काय बघायचं? अनुभवी माणूस हिशेब उलटा मांडतो. जहाज सुटण्याची वेळ आधी, त्यातून परतीचा प्रवास वजा, त्यातून थोडी सवड वजा, आणि उरेल तो वेळ आपला. मुंबईत उतरून घारापुरीला जायचं तर गेटवेहून लाँचला जायला तास, यायला तास, आणि सोमवार असेल तर लेणी बंदच. हे आधी माहीत नसेल तर दिवस गेलाच म्हणायचा.

गेओर्ग विल्हेल्म श्टेलरला असे दहा तास मिळाले होते. फरक इतकाच की तो ज्या किनाऱ्यावर उतरणार होता, त्याचा नकाशाच अजून झालेला नव्हता.

जहाज तिथे पोचलं कसं

रशियाच्या नौदलात नोकरी करणारा डॅनिश अधिकारी व्हिटस बेरिंग याच्या दुसऱ्या कामचाटका मोहिमेची आखणी १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. आशियाच्या पूर्व टोकापलीकडे अमेरिका नेमकी कुठे आहे ते शोधायचं होतं. माणसं, दोरखंड, लोखंड, धान्य, सगळं सैबेरिया ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचं आणि तिथे जहाजं बांधायची. यात वर्षं गेली. 'सेंट पीटर' आणि 'सेंट पॉल' ही दोन जहाजं कामचाटकातून निघाली तेव्हा १७४१ चा जून उजाडला होता. (तारखा तेव्हाच्या रशियन कालगणनेनुसार देते आहे. आजच्या कॅलेंडरसाठी ११ दिवस मिळवा.)

श्टेलर जर्मन. वय ३२. वनस्पती, प्राणी, वैद्यक, सगळ्यात गती. मोहिमेत तो उशिरा आला, पण समुद्रावर जाण्याआधी कामचाटकात राहून तिथली झाडं, मासे आणि स्थानिक लोकांच्या राहणीचा त्याने कसून अभ्यास केला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीचे दिवस एका चुकीच्या नकाशापायी वाया गेले. त्यात 'द गामाची भूमी' नावाचा एक प्रदेश दाखवला होता. तो शोधायला दोन्ही जहाजं आधी आग्नेयेला गेली. असा प्रदेश अस्तित्वातच नव्हता. पुढे धुक्यात आणि वादळात जहाजांची ताटातूट झाली. १६ जुलैला 'सेंट पीटर'वरून बर्फाच्छादित डोंगर दिसले, ते आजचं माउंट सेंट इलायस. २० जुलैला जहाजाने आजच्या अलास्कातल्या कायाक बेटाजवळ नांगर टाकला.

दहा तास

बेरिंगला तिथून हवं होतं पाणी. श्टेलरला उतरू द्यायचा त्याचा विचारच नव्हता. श्टेलर भांडला, वर तक्रार करीन म्हणून धमकावलंही. शेवटी पाणी भरणाऱ्या होडीतून जायची परवानगी मिळाली. मदतीला एकच माणूस, तोमास लेपेखिन नावाचा कोसॅक. निघताना बेरिंगने तुताऱ्या वाजवायला लावल्या. श्टेलरने त्यात मान नाही, टिंगल ऐकली.

आता त्याने वेळ कसा वापरला ते बघा.

उतरल्याबरोबर त्याने झाडं गोळा करायला घेतली नाहीत. आधी माणसांच्या खुणा शोधल्या. थोड्याच अंतरावर एक कोरलेला ओंडका, जवळ हाडं आणि तापवलेले दगड मिळाले, म्हणजे कोणीतरी नुकतंच मांस शिजवलं होतं. पुढे पायवाट, आणि पायवाटेच्या शेवटी गवताने झाकलेलं तळघर. आत धुरावलेले मासे, गोड गवताचे साठे, सालींच्या वस्तू, समुद्री वनस्पतीचे दोर, बाण. त्याला एकदम ओळख पटली, कारण अन्न साठवण्याच्या आणि आग पाडण्याच्या अशाच पद्धती त्याने कामचाटकात पाहिल्या होत्या. समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या लोकांचा काहीतरी संबंध असावा, असा तर्क त्याने तिथेच मांडला. दुसऱ्या कोणाला तो नुसता एक खड्डा दिसला असता.

नमुने घेऊन त्याने लेपेखिनला होडीकडे पाठवलं आणि स्वतः एकटा पुढे गेला. एका टेकाडावरून लांब धूर दिसला. माणसं जवळच होती. तो धावत परत आला आणि जहाजावर निरोप पाठवला: एक छोटी होडी आणि काही माणसं थोडा वेळ द्या.

उत्तर येईपर्यंत त्याने काय केलं, ते मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. सुकून जातील अशा झाडांची वर्णनं आधी लिहून काढली. आणि झऱ्याच्या पाण्याचा चहा करून पाणी कसं आहे तेही पाहून घेतलं!

उत्तर आलं: ताबडतोब परत या, नाहीतर इथेच सोडून जाऊ.

तरी उरलेला वेळ त्याने वाटून घेतला. लेपेखिनला पक्षी मारायला पाठवलं आणि स्वतः पश्चिमेकडे फिरून सूर्यास्ताला परतला. लेपेखिनने आणलेल्या पक्ष्यांत एक निळा, तुरेवाला पक्षी होता. श्टेलरला आठवलं की अमेरिकेतल्या कॅरोलिनाच्या पक्ष्यांवरच्या एका रंगीत पुस्तकात आपण याच्यासारखाच पक्षी पाहिलाय. लेखकाचं नाव मात्र आठवेना, आणि तसं त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. तो लेखक मार्क केट्सबी. पण श्टेलरच्या दृष्टीने त्या चित्रावरून सिद्ध झालं की आपण खरोखर अमेरिकेत पोचलोय. त्या पक्ष्याला आज 'स्टेलर्स जे' म्हणतात. सायनोसिट्टा स्टेलेरी हे नाव आणि त्याचं शास्त्रीय वर्णन मात्र त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी पिंपंही न भरता बेरिंगने नांगर उचलायला सांगितला. श्टेलर वैतागला. दहा वर्षं तयारी केली आणि प्रत्यक्ष कामाला दहा तास दिले, या अर्थाची त्याची तक्रार पुढे प्रसिद्ध झाली. आपण अमेरिकेहून आशियात फक्त पाणी न्यायला आलो होतो, असा टोमणाही त्याने मारला.

बेरिंगची बाजू

इथे थांबून 'बिचारा श्टेलर' म्हणणं सोपं आहे. मीही आधी तेच म्हटलं. पण ही कहाणी आपल्याला मुख्यतः श्टेलरच्या रोजनिशीतून कळते, आणि रोजनिशी लिहिणारा माणूस रागात होता. इतिहास वाचताना हा पहिला प्रश्न विचारायचा: हे कोण सांगतंय, आणि त्याला काय हवं होतं?

बेरिंगची गणितं वेगळी होती. किनारा अनोळखी, नांगरायची जागा बेभरवशाची. घर किती लांब आहे ते नक्की ठाऊक नाही. वारा उलटा फिरला तर परत जाता येणार नाही आणि हिवाळा काढण्याइतकं अन्न जहाजावर नाही. ताटातूट झालेल्या 'सेंट पॉल'चं काय झालं ते बेरिंगला कळणं शक्य नव्हतं, पण आपल्याला माहीत आहे. त्या जहाजाचा कप्तान चिरिकोव्ह याने त्याच आठवड्यात किनाऱ्यावर एक होडी पाठवली, ती परत आली नाही. शोधायला दुसरी पाठवली, तीही आली नाही. १५ माणसं गेली, आणि होड्याच न उरल्यामुळे पाणी न भरताच जहाज परत फिरवावं लागलं. किनाऱ्यावर 'अजून थोडा वेळ' मागण्याची किंमत कधीकधी अशी असते.

पण उलट बाजूही तितकीच खरी. ऑगस्टच्या शेवटी 'सेंट पीटर' शुमागिन बेटांपाशी थांबलं. श्टेलरने झऱ्याचं चांगलं पाणी शोधून दाखवलं. खलाशांनी मात्र किनाऱ्याजवळच्या तळ्यातून मचूळ पाणी भरलं, कारण ते जवळ होतं. स्कर्व्हीवर उपयोगी पाला गोळा करायला श्टेलरने माणसं मागितली, ती मिळाली नाहीत. त्याने आणि लेपेखिनने जेवढा आणला, तेवढ्याने अंथरुणाला खिळलेला बेरिंग काही दिवसांत उठून डेकवर आला. पण सगळ्यांना पुरेल इतका तो नव्हता. नोव्हेंबरात जहाज एका ओसाड बेटावर आदळलं. डिसेंबरात बेरिंग तिथेच वारला. त्या बेटाला आज त्याचंच नाव आहे. सत्तरहून जास्त माणसांपैकी ४६ जण पुढच्या उन्हाळ्यात मोडक्या जहाजाच्या लाकडांतून नवी होडी बांधून परतले.

म्हणजे श्टेलर आणि बेरिंग यांच्यातलं भांडण 'विज्ञान विरुद्ध सुरक्षा' असं नव्हतंच. किनाऱ्यावरचं ज्ञान हीच सुरक्षा होती, आणि तिला किती तास द्यायचे हे कोणी आधी बसून ठरवलं नव्हतं. तयारी दहा वर्षं झाली, पण पोचल्यावर किनाऱ्यावर कोण उतरेल, किती वेळ आणि कशासाठी, हे जहाज नांगरल्यावर भांडून ठरलं. माझ्या मते मोहिमेची खरी चूक ही.

तळघरातली भांडी

तळघरातून वस्तू उचलल्या, त्या बदल्यात रशियनांनी तिथे काही ठेवलं: लोखंडी भांडं, तंबाखू, कापड वगैरे. नेमकं काय काय, याच्या याद्या वेगवेगळ्या वृत्तांतांत जुळत नाहीत. श्टेलरला तंबाखू ठेवणं पटलं नव्हतं. ज्यांना ती माहीत नाही त्यांना विषप्रयोग वाटेल, त्यापेक्षा सुऱ्या-कुऱ्हाडी बऱ्या, असं त्याचं म्हणणं.

आता १७९० मध्ये या. रशियाच्याच बिलिंग्ज मोहिमेचं जहाज त्या भागात गेलं. मोहिमेचा सचिव मार्टिन सॉअर याने लिहून ठेवलंय की तिथल्या एका म्हाताऱ्याने लहानपणीची एक गोष्ट सांगितली. एक जहाज आलं होतं. होडी किनाऱ्याला लागली तशी आपली माणसं पळाली. जहाज गेल्यावर परत येऊन बघतात तर तळघरात काचेचे मणी, कसलीतरी पानं आणि लोखंडी भांडं!

हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. श्टेलर ज्यांना शोधत होता, ती माणसं झाडीआडून त्यालाच बघत असणार. त्याच्या दहा तासांची नोंद दुसऱ्या बाजूनेही झाली होती, फक्त ती कागदावर यायला जवळपास ५० वर्षं लागली.

आपल्यासाठी काय?

श्टेलरचे बरेचसे नमुने परत आलेच नाहीत. नव्या छोट्या होडीत जागा नव्हती. आल्या त्या नोंदी. कायाक बेटावरच्या वनस्पतींच्या त्याच्या यादीच्या शीर्षकात त्याने वेळही लिहिलाय: सहा तासांत पाहिलेल्या वनस्पती. मला हे फार आवडतं. किती पाहिलं यासोबत किती वेळ पाहिलं हेही सांगितलं, म्हणजे वाचणाऱ्याला यादीची मर्यादा आपोआप कळते. आज आपण याला सॅम्पलिंग एफर्ट म्हणतो आणि मेथड्सच्या भागात तो लिहायला हमखास विसरतो.

तुम्ही पहिल्या फील्डला, परक्या लॅबमध्ये तीन दिवस, किंवा एखाद्या दप्तरखान्यात एका दुपारसाठी जाणार असाल, तर त्याच्याकडून एवढं घ्या. परत निघायच्या वेळेपासून उलटा हिशेब करा. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी करा. सुकणारं, विसरलं जाणारं तिथेच लिहा. सोबतच्या माणसाला वेगळं काम द्या. आणि जो होडी सोडणार आहे, मग तो गाईड असो, लॅबचा प्रमुख असो की दप्तरखान्याचा कारकून, त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. श्टेलरला हे शेवटचं जमलं नाही.

वाचनाचं मात्र वेगळं आहे, ते हिशेबात बसत नाही. केट्सबीचं पुस्तक चाळताना हे चित्र एक दिवस अलास्कात कामाला येईल, असं श्टेलरला थोडंच वाटलं असेल?

परवा पौर्णिमा आहे. ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास. या वेळी क्वाड्रॅटच्या जागा आधीच ठरल्यात, लेबलं रात्रीच लिहून ठेवलीत, आणि होडीवाल्या काकांना सांगून ठेवलंय की नऊच्या आत हाक मारा, मी 'अजून पाच मिनिटं' म्हटलं तरी ऐकू नका.