ध्वनिमुद्रिकांवरील अनामिक साथीदार

ध्वनिमुद्रिकांवरील अनामिक साथीदार : ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांवर गायकाचे वा गायिकेचे नाव ठळकपणे छापलेले असे, मात्र तबला, सारंगी, पेटी, ऑर्गन, व्हायोलिन इ. वाद्यांवर साथ करणाऱ्या वादकांचा उल्लेख बहुधा नसे. उपलब्ध पुराव्यांवरून अशा वादकांची नावे निश्चित करणे, हा ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा, परंतु बराच काळ दुर्लक्षित राहिलेला भाग होय. वऱ्हाडच्या नाट्यसंगीतप्रेमी रसिकवर्गाशी आणि तेथील काही व्यक्तींच्या कार्याशी ह्या विषयाचा जवळचा संबंध आहे.

ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेडरिक गैसबर्ग ह्यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यास भारतातील पहिली मोठी ध्वनिमुद्रणमोहीम पार पाडली. त्या वेळचे मुद्रण केवळ यांत्रिक होते. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि साथीदारांनी मिळेल तेवढ्या जागेत कर्ण्याभोवती दाटीने बसावयाचे, अशी रीत होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत. मुद्रित मेणपट्ट्या प्रारंभी जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविल्या जात व तेथून तबकड्या छापून येत. कलकत्त्याजवळ सियालदा येथील कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. परदेशातील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गीताच्या शेवटी गायकाने स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारण्याची प्रथा पडली. गौहरजानच्या तबकड्यांवरील अशा घोषणा प्रसिद्ध आहेत. तथापि ही सोय केवळ मुख्य कलावंतापुरती होती. शेजारी बसलेल्या सारंगियाला स्वतःचे नाव सांगण्याचा प्रसंग आला नाही. तबकडीचा व्यवहार एका नावावर चालत असे व ते नाव गाणाऱ्याचे असे.

ह्या उपेक्षेस केवळ व्यापार कारणीभूत होता, असे म्हणता येणार नाही. सारंगी व तबला ही वाद्ये दीर्घकाळ वंशपरंपरेने वाजविणाऱ्या घराण्यांकडे होती व त्या वादकांना समाजात गायकाच्या बरोबरीचे स्थान नव्हते. कोठीवर वा मैफलीत त्यांची ओळख अमुक बाईंचे सारंगिये अशीच दिली जाई. लेबलने त्या जुन्या व्यवस्थेची नक्कल केली, एवढेच.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : कापसाच्या व्यापारामुळे संपन्न झालेली अमरावती व अकोला ही नगरे मुंबई–नागपूर लोहमार्गामुळे नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांच्या टप्प्यात आली. अमरावतीचे दादासाहेब (गणेश श्रीकृष्ण) खापर्डे हे १९०५ मधील पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते, ह्यावरून तेथील नाट्यप्रेमाची कल्पना येते. अमरावतीचेच वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) ह्यांचे रणदुंदुभी हे नाटक १९२७ मध्ये बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली रामकृष्णबुवा वझे ह्यांच्या होत्या आणि त्यातील पदे दीनानाथ मंगेशकर (१९००–४२) ह्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोहोचली. नाटककार वऱ्हाडचा, चालकर्ता नामांकित, गायक लोकप्रिय. ह्या तिघांचीही नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. दीनानाथांच्या चपळ, झेपावणाऱ्या तानांना आवर घालीत सम गाठून देणारा तबलजी व त्या तानांच्या मागे धावणारा पेटीवादक मात्र श्रोत्यांच्या लेखी नाव नसलेलेच राहिले.

पुराव्याची साधने : तबकडीच्या मध्यभागी, लेबलाच्या कडेला, कोरलेला मूळ मुद्रणाचा क्रमांक हा पहिला व सर्वांत भरवशाचा दुवा होय. लेबल पुनर्मुद्रणात बदलते. हा क्रमांक बदलत नाही. त्यावरून मुद्रणाचा काळ व स्थळ ठरविता येते आणि एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या तबकड्या एकत्र लावता येतात. त्यांपैकी एकीच्या साथीदाराचे नाव निश्चित झाले, की इतरांविषयी सबळ अनुमान करता येते. ग्रामोफोन कंपनीच्या प्रारंभीच्या भारतीय मुद्रणांची पद्धतशीर सूची मायकेल किनिअर ह्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे ह्या अभ्यासाला पक्का कालक्रम लाभला. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या संग्राहकांच्या संस्थेने व तिच्या नियतकालिकाने महाराष्ट्रातील तबकड्यांची माहिती एकत्र आणण्याचे मोठे काम केले.

दुसरे साधन म्हणजे नाटक मंडळ्यांची हस्तपत्रके, जमाखर्चाच्या वह्या आणि आठवणी. मंडळीतील साथीदार पगारी असत. त्यामुळे विशिष्ट काळी मंडळीत कोण होते, हे कळल्यास संभाव्य नावांची संख्या एकदम कमी होते. गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष व ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे असे साथीदार होते. परंतु येथेच एक सार्वत्रिक चूक होते. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) कोणतीही तबकडी लागली, की तबला थिरकवांचाच, असे रसिक ठामपणे सांगतात. बालगंधर्वांची मुद्रणे अनेक वर्षांच्या कालावधीत झालेली आहेत. थिरकवा मंडळीत येण्यापूर्वीची मुद्रणे त्यांच्या नावावर घालणे उघडच चुकीचे आहे. शिवाय रंगमंचावरचा साथीदार मुद्रणकक्षात असेलच, असे गृहीत धरता येत नाही; कंपनीने आपल्या नेहमीच्या वादकांकडून काम करून घेतल्याचीही शक्यता असते. प्रसिद्ध नावाकडे श्रेय ओढले जाण्याची ही प्रवृत्ती अज्ञानापेक्षा अधिक घातक म्हणावी लागेल. कारण तिच्यामुळे खऱ्या वादकाची जागा रिकामीही राहत नाही. ती भरलेली दिसते.

तिसरे साधन कान. थिरकवांच्या स्वतंत्र तबलावादनाच्या तबकड्या त्यांच्या नावाने उपलब्ध आहेत आणि त्यांच्याशी साथीचा बाज ताडून पाहता येतो. तथापि यांत्रिक मुद्रणात डग्ग्याचा खर्ज फारच क्षीण उतरे. चाटीवरील बोल तेवढे स्पष्ट ऐकू येत. विद्युत् मुद्रण १९२५ नंतर प्रचारात आले. त्यापूर्वीच्या मुद्रणांबाबत केवळ ऐकून दिलेला निर्णय संशयास्पदच मानला पाहिजे. जुनी तबकडी मुळापेक्षा वेगळ्या गतीने वाजविल्यास स्वर व लय दोन्ही बदलतात आणि वादकाचा हात भलताच वाटू लागतो.

आकाशवाणीने ह्या बाबतीत वेगळा पायंडा पाडला. कार्यक्रमाच्या निवेदनात साथीदारांची नावे सांगण्याची तेथे पद्धत आहे. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाल्यावर अमरावती-अकोल्याकडील श्रोत्यांच्या कानी गायकाबरोबर तबलजीचे नावही नियमाने पडू लागले. दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या आल्यावर त्यांच्या वेष्टनाच्या पाठीवर मजकुरास जागा मिळाली व तेथेही साथीदार दिसू लागले. म्हणजे अडचण जागेचीही होती. केवळ जागेची मात्र नव्हती. केसरबाई केरकर ह्यांचे एक गायन व्हॉयेजर अंतराळयानांतील तबकडीत १९७७ मध्ये समाविष्ट झाले. त्या तबकडीच्या प्रसिद्ध यादीत नाव केसरबाईंचेच आहे.

चित्रपटसंगीत : बोलपटात वाद्यवृंद वाढला व प्रश्न अधिक बिकट झाला. अमरावतीस जन्मलेले केशवराव भोळे (१८९६–१९७७) हे प्रभात फिल्म कंपनीचे संगीत दिग्दर्शक. अमृतमंथन (१९३४), संत तुकाराम (१९३६), कुंकू (१९३७) इ. चित्रपटांचे संगीत त्यांचे आहे. ‘एकलव्य’ ह्या नावाने त्यांनी संगीतसमीक्षाही केली. मुद्रणकक्षात प्रत्यक्ष वावरलेल्या अशा जाणकाराचे आत्मपर लेखन ह्या अभ्यासात प्रथम प्रतीचा पुरावा ठरते; तथापि अनेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणी तारखांच्या बाबतीत ताडून घ्याव्या लागतात.

मुंबईच्या चित्रसृष्टीत पुढे गोव्यातील वादकांचा मोठा भरणा झाला. पाश्चात्त्य स्वरलेखन त्यांना अवगत असल्याने वाद्यवृंदाची रचना त्यांच्याकडे आली. सेबास्टियन डिसोझा ह्यांनी शंकर-जयकिशन ह्यांच्यासाठी, तर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अँतोनियो झेवियर वाझ) ह्यांनी सी. रामचंद्र ह्यांच्यासाठी काम केले. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्व्हिस हे प्यारेलाल ह्यांचे शिक्षक. अमर अकबर अँथनी (१९७७) मधील गीतामुळे त्यांचे नाव देशभर झाले, परंतु ते एका खऱ्या वादकाचे आहे हे थोड्यांनाच माहीत होते. नागिन (१९५४) ह्या चित्रपटातील पुंगीचा स्वर पुंगीचा नसून कल्याणजी ह्यांनी क्लॅव्हिओलिनवर व रवी ह्यांनी पेटीवर काढलेला होता. केवळ कानावर विसंबणाऱ्याची येथे वाद्य ओळखण्यातच फसगत होते, मग वादक दूरच राहिला. गायकही ह्यातून पूर्णतः सुटले नव्हते. महल (१९४९) मधील लता मंगेशकरांच्या प्रसिद्ध गीताच्या तबकडीवर प्रथम ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. लताबाईंचे नाव लवकरच पुढे आले. वादकांची नावे पुढे येण्यास ग्रेगरी बूथ ह्यांनी वृद्ध वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध करीपर्यंत वाट पाहावी लागली.

अमेरिकेतील लोकसंगीताच्या व ‘वेस्टर्न स्विंग’ ह्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांबाबत हाच प्रश्न उद्भवला. तेथे दोन गोष्टी अनुकूल ठरल्या. एक, वादकसंघटनेमार्फत होणाऱ्या मुद्रणकरारांची कागदपत्रे पुढील काळासाठी पुष्कळ प्रमाणात उपलब्ध आहेत. दुसरी, बॉब विल्स ह्या वाद्यवृंदप्रमुखाची सवय. वादन चालू असतानाच तो आपल्या वादकांना नावाने हाक मारी व ती हाक तबकडीत मुद्रित होई. स्टील गिटारवादक लिऑन मॅकऑलिफ ह्याचे नाव अशा रीतीने घराघरांत पोहोचले. टोनी रसेल ह्यांनी १९२१ ते १९४२ ह्या काळातील तेथील तबकड्यांची वादकांच्या नावांसह केलेली सूची २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी नाट्यसंगीताच्या तबकड्यांची त्या तोडीची सूची होणे अगत्याचे आहे.

कायद्याची बाजू : वादकास बहुधा त्या दिवसाचा मोबदला मिळे आणि त्याचा संबंध तेथेच संपे. भारतीय कॉपीराइट अधिनियमात (१९५७) कलावंताचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला व २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कलाकृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही त्यास मिळाला. तथापि चित्रपटांपुरता एक अपवाद त्यात आहे. ज्याचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक असून धंद्यातील प्रचलित पद्धतीनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र दिले जात नाही, त्यास ओळखीच्या ह्या हक्कापुरते कलावंत मानले जात नाही. नाव न देण्याची जुनी पद्धत अशा प्रकारे हक्क नाकारण्याच्या निकषांत येऊन बसली आहे.

अभ्यासकांनी नाव देताना त्याच्या पुराव्याची प्रतही नोंदवावी, हे श्रेयस्कर. मुद्रणाच्या नोंदवहीत वा करारात आढळलेले नाव, मंडळीच्या पटावरून अनुमानिलेले नाव आणि केवळ ऐकून सुचलेले नाव ही एका ओळीत लिहिणे योग्य नव्हे. तबकड्या स्मरणवस्तू म्हणून जपल्या जातात. त्यांच्याबरोबर आलेली सूचिपत्रके, वेष्टने व नाटकांची हस्तपत्रके मात्र रद्दीत जातात. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांमधून तबकड्या गोळा करणाऱ्या संग्राहकाने त्यांच्याखाली अंथरलेला कागदही उचलून पाहावा.