ग्रंथालय दाखवायचं की वापरायला लावायचं?

शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, म्हणून मी माझ्या आवडीचा एक छोटा इतिहास निवडला आहे: कॉलेजच्या मुलांना ग्रंथालयात शोध घ्यायला कसं शिकवलं गेलं, त्याचा.

माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या आठवड्यात ग्रंथालय ‘दाखवलं’ होतं. ही कपाटं, हा काउंटर, कार्ड हरवलं तर दंड. बहुतेकांचा अनुभव असाच असेल.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या माँटीथ कॉलेजात पॅट्रिशिया नॅप या ग्रंथपाल विदुषीने १९६० ते १९६२ या काळात वेगळी वाट धरली. ग्रंथालयाचे स्वाध्याय त्यांनी थेट अभ्यासक्रमात गुंफले. त्यासाठी प्राध्यापकांची साथ मिळवणं हा या प्रयोगाचा मोठा भाग होता. त्याचा अहवाल १९६६ साली पुस्तकरूपाने आला. इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजात १९६२ साली ग्रंथपाल झालेल्या एव्हन फार्बर यांनी हेच तत्त्व पुढे तीन दशकं चालवलं. विद्यार्थ्याला विषयाचा स्वाध्याय मिळाला, की त्या स्वाध्यायापुरती साधनं ग्रंथपाल वर्गात येऊन समजावत. गरज पडते तेव्हाच सांगितलेलं डोक्यात राहतं.

यामागचा विचार आपल्याकडे त्याआधीच मांडला गेला होता. गणिताचे प्राध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांची पाच सूत्रं १९३१ साली प्रसिद्ध झाली. पहिलं सूत्र असं, की ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. चौथं, वाचकाचा वेळ वाचवा.

मराठीत अशा स्वाध्यायांना साधनांची वाण नाही. तीन नमुने देते. एक: आवडत्या विषयावरचं १९०० पूर्वीचं पुस्तक शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त शोधा, १८०० ते १९३७ मधल्या छापील पुस्तकांची ती सूची आहे. दोन: आपल्या जिल्ह्याची नोंद केतकरांच्या ज्ञानकोशात आणि मराठी विश्वकोशात वाचा, काय बदललं ते पाच ओळींत लिहा. तीन: विश्वकोशातल्या एखाद्या नोंदीखालच्या संदर्भांपैकी एक ग्रंथ प्रत्यक्ष गाठा. प्रत्येकाला एक तास पुरतो, आणि मूल सूची, कोश, मूळ ग्रंथ अशा तीन पायऱ्या चढतं.

आमच्या क्षेत्रात आता यंत्र क्षणात उत्तर देतं. नवी मुलं हुशार आहेत, उत्तर घेऊन येतात. “हे कुठून आलं?” असं विचारलं, की बरेच जण गप्प होतात. चुकीच्या उत्तरावर उभं केलेलं काम पाडून पुन्हा उभारायला किती दिवस जातात, ते मी रोज बघते.

संमेलनाच्या निधीतून शाळेच्या ग्रंथालयाला कपाटं द्यायचं चाललं आहे. जरूर देऊ या. पण आपल्यातले जे कॉलेजात शिकवतात, त्यांनी शाळेच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी असे दहा स्वाध्यायही तयार करून द्यावेत. कपाटाची किल्ली मुलांच्या हाती तेव्हाच पडेल.