वहीचा कागद आणि वाचनयंत्र

खानदेशातील ग्रंथांचा इतिहास हा पुष्कळ अंशी साध्या कागदाचा आणि हाताने केलेल्या टिपणांचा इतिहास आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओठांवरील गाणी पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी उतरवून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध होऊ शकली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीताप्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची जुनी दप्तरे जमवीत हिंडले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे देहावसान झाले आणि पुढच्याच महिन्यात तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. असा कागद वाचण्यास मोडी आली की पुरे. वीज लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

केवळ पुस्तके वाचण्यासाठी घडविलेल्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. सोनी कंपनीने २००४ साली जपानात 'लिब्रिए' हे यंत्र आणले. त्याचा पडदा कागदासारखा, डोळ्यांना सुसह्य होता. परंतु घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी उघडेनासे होई. २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचे 'किंडल' आले. २००९ च्या जुलैत प्रकाशनहक्काच्या कारणावरून कंपनीने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. पण ग्राहकाने विकत घेतले ते पुस्तक नव्हे, वाचनाचा परवाना होता, हे त्या दिवशी उघड झाले.

भारतात २०१० साली इन्फिबीम कंपनीने 'पाय' हे वाचनयंत्र ९,९९९ रुपयांना विकावयास काढले. म्हणजे पहिले पान उलटण्यापूर्वीच दहा हजारांचा खर्च! किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके आली ती २०१६ च्या डिसेंबरात, आणि अनेक जुने मराठी ग्रंथ तेथे आजही मिळत नाहीत. शिवाय यंत्र एकाच कामाचे. ई-पुस्तक तर घरातल्या मोबाईलवरही उघडते.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने याहून मोठी उणीव वेगळीच आहे. पुस्तक तगते ते हातोहाती फिरल्याने. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६ च्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते काव्य आपल्यापर्यंत पोहोचले ते वाचकांनी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांमुळे. कुलूपबंद ई-पुस्तकाची नक्कल करता येत नाही. ते शेजाऱ्याला देता येत नाही, की वाचनालयाला भेट देता येत नाही.

वृद्धांना अक्षर मोठे करून वाचता येते, प्रवासात ओझे होत नाही, हे या यंत्राचे गुण मान्यच केले पाहिजेत. ज्याला त्यांची निकड आहे त्याने ते अवश्य घ्यावे. इतरांनी मात्र किमतीआधी एवढेच विचारावे: हे पुस्तक माझ्यामागे माझ्या मुलांच्या हाती राहील काय?