पौंडाची शिल्लक आणि डॉलरची गंगाजळी

डॉलर घसरू लागला की आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीचे काय होणार, अशी चर्चा सुरू होते. हा प्रश्न नवा नाही. डॉलरच्या जागी पौंड असताना भारताने त्याची मोठी किंमत मोजली आहे. प्रशासनात काम करणाऱ्यांनी तो इतिहास अवश्य जाणून घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून प्रचंड माल व सेवा घेतल्या. त्यांचा मोबदला लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांत जमा होत गेला. युद्धाअखेरीस ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७०० कोटी रुपयांहून अधिक झाली. निर्यातीतून मिळालेले डॉलरही साम्राज्याच्या सामाईक कोषात जात. देशाची जवळजवळ सारी परकीय पुंजी अशा रीतीने एकाच चलनात अडकली होती.

१९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने या शिल्लकेचा काही भाग तरी इतर चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी केली. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर व आय.सी.एस. अधिकारी चिंतामणराव देशमुख या शिष्टमंडळाचे सदस्य होते. मागणी मान्य झाली नाही. जुलै १९४७ मध्ये ब्रिटनने पौंड डॉलरमध्ये बदलण्याची मुभा दिली खरी, पण ती पाच आठवड्यांतच काढून घेतली.

१८ सप्टेंबर १९४९ रोजी पौंडाचा दर ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला गेला. भारताने रुपयाचेही त्याच प्रमाणात अवमूल्यन केले. त्यामुळे रुपयांच्या हिशेबात शिल्लक जशीच्या तशी दिसत राहिली. मात्र अमेरिकेकडून धान्य वा यंत्रे घ्यायची, तर १०० पौंडांत पूर्वी ४०३ डॉलरचा माल येई, तो आता २८० डॉलरचाच येऊ लागला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पुन्हा घसरून २.४० डॉलरवर आला.

पुढे डॉलरचीही पाळी आली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. सप्टेंबर १९७५ मध्ये भारताने रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सोडून तो अनेक चलनांच्या समूहाशी जोडला. १९८५ च्या प्लाझा करारानंतर सुमारे सव्वादोन वर्षांत येनच्या तुलनेत डॉलरचे मूल्य जवळजवळ निम्म्यावर आले. येन बाळगणारे तरले, पण येनमध्ये कर्ज घेतलेल्या देशांचा बोजा वाढला. नोव्हेंबर २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे ६.७ अब्ज डॉलरला २०० टन सोने विकत घेतले, त्यामागे हा सारा अनुभव होता.

या इतिहासाचा बोध असा की, उद्या कोणते चलन चढेल याचा अंदाज बांधणे हे कोषरक्षकाचे काम नव्हे. आपल्याला कोणाचे, कोणत्या चलनात आणि केव्हा देणे आहे, हे पाहून त्याने पुंजीची विभागणी करावी. तेलाची व कर्जाची देणी मुख्यतः डॉलरमध्ये असताना डॉलर टाकून देणे हेही शहाणपणाचे नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँक गंगाजळीच्या व्यवस्थापनात सुरक्षितता व रोखता यांना अग्रक्रम देते आणि परताव्याचा विचार त्यानंतर करते.

सामान्य बचतदारालाही हाच विवेक उपयोगी आहे. ज्याचा सारा खर्च रुपयांत, त्याला डॉलर व युरो यांच्या चढउताराने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. ज्याला मुलांच्या शिक्षणासाठी परदेशी शुल्क भरायचे आहे, त्याने मात्र त्या चलनाचा विचार आधीपासून करावा.

१९४९ मध्ये भारताला असा पर्याय निवडण्याची मोकळीक नव्हती. आज ती आहे, आणि म्हणून जबाबदारीही आपलीच आहे.